दुसरी आणि चौथी खाच

योंगसानच्या तिसऱ्या मजल्यावर
आता निम्मी शटरं खालीच असतात.
उरलेल्यांत एक क्वाकचं दुकान.
काउंटर शाळेच्या बाकाएवढं,
त्यावर हीटर, हीटरवर बार्लीच्या चहाची किटली.
मी यादी पुढे केली.
त्याने चष्मा कपाळावर सरकवून ती वाचली
आणि पेन्सिलीने एकच ओळ खोडली :
मेमरी.

"ही दिवेवाली कशाला?
उंच आहे, तुमच्या पंख्याखाली मावायची नाही.
आणि झाकण लावल्यावर
आतली रोषणाई बघणार कोण?"

बत्तीस गिगाबाइट हवेत, मी म्हटलं.
"घ्या की. पण एकटी बत्तीसची नको,
सोळा-सोळाची जोडी न्या, एकाच खोक्यातली.
आज एक, चुसोकच्या सणानंतर दुसरी, असं करू नका.
वेगवेगळ्या घरांतून आणलेल्या
कधी जुळवून घेतात,
कधी नाही घेत,
आणि कारण सांगत नाहीत."

मी वेगाच्या आकड्यावर बोट ठेवलं.
त्याने ते उचलून शेजारच्या आकड्यावर ठेवलं.
"तो, किती भरभर बोलते.
हा, हाक मारल्यावर ओ द्यायला किती वेळ लावते.
गिऱ्हाईक पहिला विचारतं.
मी दुसरा विचारतो."

मग चहा ओतता ओतता म्हणाला,
की जात मुळात विसराळू.
सेकंदाला पंधरा-सोळा वेळा
स्वतःलाच पुन्हा सांगत बसते
काय लक्षात ठेवायचं होतं ते.
वीज गेली की पाटी कोरी.
"मग चांगली कुठली?"
"घोकताना जिचा शब्द बदलत नाही ती."

रात्री घरी, जेवणाच्या टेबलावर,
दुसरी खाच आणि चौथी खाच.
अंगठ्यांनी दाबलं. टक्. टक्.
यंत्र सुरू झालं, मला उगाच शहाणं वाटलं.
टेस्ट लावून आडवी झाले.
पावणेचारला पडद्यावर एक लाल ओळ.
एकच.
शून्य ठेवायला दिलं होतं, परत एक आलं.

सकाळी क्वाकने वाद घातला नाही.
अख्खी जोडी बदलून दिली,
खोटी निघालेली बिस्किटांच्या डब्यात टाकली.
तिथे तसल्या चाळीसेक.
"एकदाच तर चुकली," मी म्हटलं,
कोणाची तरी रदबदली करावी तसं.
"एकदाच. पण कुठे, ते तुम्हाला विचारून नाही.
हिशोबात चुकली तर महिनाअखेर कळतं.
फोटो उतरवून घेताना चुकली,
तर एखाद्याच्या तोंडावर हिरवा पट्टा उमटतो
आणि माणसं कॅमेऱ्याला बोल लावतात."

किटलीचं झाकण थडथडत होतं.

नऊ वर्षांपूर्वी ओप्पाने तेबेकहून पाकीट पाठवलं होतं,
आत कॅमेऱ्याचं कार्ड.
बंद पडलेल्या खाणीचं फाटक, बर्फ, आई.
आईच्या हनुवटीवर हिरवा पट्टा.
मी फोनवर म्हणाले होते,
तुझा कॅमेरा कामातून गेलाय, ओप्पा,
किती दिवस त्याला कुरवाळत बसणार?
कार्ड मी परत पाठवलं.
कॅमेरा त्याने वसंतात विकला.
मला ते वहिनीकडून कळलं.

जुना कॉम्प्युटर मी तेव्हा
दोन वेगवेगळ्या मेमरींवर चालवत होते.
दुसरी सेलमध्ये स्वस्त मिळाली होती.

जिन्यातच फोन लावला.
क्वाकची नवी जोडी काखेत,
खाली कोणीतरी लोखंडी मांडणी ओढत नेत होतं.
"ओप्पा, ते कार्ड..."
"कुठलं?"
"बर्फातलं. आईचं."
बराच वेळ तो काही बोलला नाही.
विचारलं नाही, आज का.
मग पलीकडून ऐकू आलं
एक पत्र्याचं झाकण
नखाने उघडायचा प्रयत्न.